साडेपाचची हजेरी

पहाटे साडेपाचला तो गल्लीत यायचा आणि चालायला लागायचा. फिरायला जाणाऱ्याची ती चाल नव्हती. आमच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, तिथून परत, पुन्हा टाकीपर्यंत. एका हातात मोबाईल, दुसरा हात शर्टाच्या वरच्या बटणावर. ते लावायचं, काढायचं, पुन्हा लावायचं. असं करून एकेका शर्टाचं वरचं बटण तुटून गेलं, तरी बोटं तिथंच जायची. आणि तोंडानं चालू, "येऊन राह्यले... येऊन राह्यले..."

एका पहाटे मी दूध घेऊन परतत होतो. मला वाटलं, पाहुणे असतील.

"कोण येऊन राह्यलं रे?"

"लोकं, काकाजी."

"किती?"

त्यानं मोबाईलकडे पाहिलं. "लाखाच्या वर गेले आत्ता."

मी माझ्या हातातल्या अर्ध्या लिटरच्या पिशवीकडे पाहिलं आणि घरात गेलो.

तो एका मोबाईल गेमच्या कंपनीत होता. कंपनी दूर मोठ्या शहरात, आणि हा बालाघाटात, आमच्यापासून दोन घरं सोडून, बाहेरच्या खोलीत. गेम बगीच्याचा होता. फुकट. झाडं लावायची, पाणी घालायचं, दुसऱ्याच्या बगीच्यात जाऊन त्याच्या झाडांनाही पाणी घालायचं. आठ वर्षं झाली होती त्या गेमला. सोबतचे कितीतरी गेम धूमधडाक्यात निघाले आणि बंद पडले. हा चालू होता, आणि चालू ठेवणं हीच त्याची नोकरी. त्या गेमचा नवा दिवस जगाच्या कुठल्याशा घड्याळाप्रमाणे उगवायचा. तिकडे रात्रीचे बारा वाजत, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्या घटकेला कालची किती माणसं आज परत आली ते दिसायला लागायचं. शाळेची हजेरीच म्हणा.

गल्लीला ही नोकरी समजावून सांगणं सोपं नव्हतं. आमच्याकडे एक रिटायर मास्तर आहेत, वारासिवनीकडे त्यांची धानाची शेती. त्यांनी विचारलं, "मंग पीक येते का तुझ्या मोबाईलमधी?"

"येते न गुरुजी. सहा घंट्यात."

"अन् भाव?"

"फुकटच हाय जी."

"मंग नवीन काय केलं तुम्ही?" मास्तर म्हणाले आणि धोतर सावरत निघून गेले.

बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर त्यानं वेगळाच घोळ घातला. रोजच्या गिऱ्हाइकांना तो एकेक करून विचारायचा, "तुम्ही रोज इथंच काहून येता?" चार दिवसांनी चहावाल्यानं मला बाजूला घेतलं. "बाबूजी, ये आदमी इन्कम टैक्स का तो नहीं है?" मी छातीवर हात ठेवून खात्री दिली. पण तोवर एका गिऱ्हाइकानं त्याला उत्तर दिलं होतं. "अरे, मेरे को देखते ही वो शक्कर कम डाल देता है. बोलना नहीं पड़ता."

त्यानं ते तिथंच लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी त्या गेममधला माळी मी न मागताच माझी नेहमीची झेंडूची रोपं माझ्यापुढे करायला लागला.

हो, मी खेळत होतो. घरी हे माहीत नव्हतं. सकाळी डोळे मिटून ध्यान करतो, असा आमच्या हिचा समज होता, आणि डोळे मिटलेले नाहीत हे पाहायला ती कधी आली नाही, हा तिचा मोठेपणा.

एकदा मी त्याच्यापाशी कबूल केलं, "बाबू, मी आजवर एक रुपया दिला नाही तुमच्या गेमले. लाज वाटते."

"लाज कायची काकाजी? पैसे देणारे मूठभर. त्यायनं सोन्याचं कारंजं घेतलं तं पाहायले कोणी पाहिजे का नाही? फुकट्यायले हाकललं तं बगीचा ओस पडते. तुम्ही तं आमचे देव आहा."

देव म्हणून मला त्याआधी कोणी ओळखलं नव्हतं. मी दोन दिवस जरा ताठ चाललो.

पण त्याला स्वतःला चैन नव्हती. तुम्ही हलवाई पाहिला असेल, दिवाळी झाली की हात धुऊन आडवा होतो. याची दिवाळी संपतच नव्हती. "पिच्चरवाल्यायचं बरं हाय," तो म्हणायचा, "एकदा बनवला की सुटले. आमचं दुकान आठ वर्षांपासून उघडंच हाय." नवीन फूल दिलं नाही तर लोक कंटाळतात, रोज दिलं तर थकतात. जुनं काही बदललं तर भांडतात, नाही बदललं तर जांभया देतात. जेवताना, बोलताना, हात पुसताना त्याच्या डोक्यात एकच, उद्या काय द्यायचं. बोलता बोलता तो अर्ध्यातच थांबायचा, आणि तुमचं बोलणं तसंच हवेत राहायचं.

त्याची बायको गोंदियाची. घरीच ब्लाऊज शिवायची. हात इतका चांगला की आमच्या हिनं दुसऱ्या शिंपिणीचं नाव टाकलं होतं. शांत मुलगी. तिचं मशीन चालू असलं की गल्लीला घर जागं आहे असं वाटायचं.

एक दिवस दुपारी तो आमच्या दारात आला. बटणाच्या जागी बोटं. "काकू, ती तुमच्याकडं हाय का?"

आमची ही तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. "अरे, ती तं परवाच्या बसनं गोंदियाले गेली. मले सांगून गेली. तुले नाही सांगितलं?"

तो आठवायला लागला. आठवलं. "सांगितलं. मी हौ म्हणलं होतं."

"मंग दोन दिवस जेवला काय?"

"डब्बे भरून ठेवले होते न. मले वाटलं, आतमधी असन." मग म्हणाला, "आज डब्बा रिकामा निघाला."

ही हसली नाही. मी हसलो, आणि हिनं माझ्याकडे पाहिल्यावर तेही आवरलं.

ती परत आली नाही. फोनवर बोलायची, नीट बोलायची, येते म्हणायची नाही. मग या माणसानं काय करावं? त्याला जे येत होतं ते केलं. गेममध्ये देतात तसं रोजचं बक्षीस सुरू केलं. पहिल्या दिवशी फुलाचं चित्र. दुसऱ्या दिवशी दोन फुलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा लग्नातला फोटो. चौथ्या दिवशी तिच्या भावाच्या हाती खवा जिलेबी. "सात दिवस सलग झाले का सातव्याले मोठं द्यायचं," त्यानं मला हलक्या आवाजात समजावलं. "मधात तुटू द्यायचं नाही. माणूस गुंतते."

सातव्या दिवसाची पैठणी घेऊन मला पाठवण्यात आलं. आमच्या नात्यागोत्यात मध्यस्थ म्हणून माझं नाव आहे. मागं मी दोन भांडलेल्या चुलतभावांचा समेट घडवला होता. ते आता एकमेकांशी बोलतात आणि दोघं मिळून माझ्याशी बोलत नाहीत. तर मी बसमध्ये पैठणी मांडीवर घेऊन भाषण जुळवत बसलो. राजेगावचा पूल ओलांडेपर्यंत भाषणाची सुरुवात झाली, गोंदिया आलं तेव्हा शेवटही झाला. मधलं राहून गेलं.

तिनं पाणी दिलं, चहा दिला. पैठणी उघडली, पोत बोटांनी पाहिला, पुन्हा घडी घालून माझ्यासमोर ठेवली.

"चांगली हाय काकाजी. पण मी गेम नाही खेळत."

मी भाषणाची सुरुवात केली. तिनं ऐकून घेतली, मग म्हणाली, "त्यायचं वाईट नाही काही. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण सकाळी साडेपाचले त्यायले समजते, कोणत्या गावचा कोण आला नाही ते. अन् मी घरात नाही, हे समजायले डब्बा रिकामा व्हावा लागला. तिसऱ्या दिवशी." तिनं आत पाहिलं, तिची आई परसात वाळवण उलटत होती. "इथं मी बाजारातून यायले जराशी लेट झाली न, तं आई कोपऱ्यावर येऊन उभी राहते. मले लाज वाटते. पण बरंही वाटते."

भाषणाचा शेवट मी केलाच नाही.

परतल्यावर त्याला सांगताना मी बरंच गुळात घोळवून सांगितलं. पण तिसरा दिवस कसा घोळवणार? तो टाकीपाशी उभा होता. मी त्याला इतका वेळ एका जागी उभा असलेला पहिल्यांदाच पाहत होतो.

"मले माहीत होतं, काकाजी," तो म्हणाला. "नवीन लोकं कामावर येते, त्यायले मीच शिकवतो. बक्षिसानं माणूस येते, टिकत नाही. सात दिवसांचं बक्षीस घेते अन् आठव्या दिवशी गायब. आठ वर्षांपासून जे टिकले, ते काहून टिकले, मी सारं काढून पाह्यलं. त्यायच्या गेममधल्या टोळीत एक तरी माणूस असा असते, जो विचारते, काल कुठी होता? बस. तेवढ्यावर चालून राह्यला हा गेम. बाकी फुलं-बिलं आपण आपल्या समाधानासाठी देतो."

"मंग?"

"मंग काय? मी लाख लोकांच्या घरी असा माणूस हाय का नाही ते पाहत बसलो."

पुढल्या आठवड्यात त्यानं कंपनीला कळवलं की साडेपाचची हजेरी दुसरं कोणीतरी पाहील. त्याची समजूत अशी की तो नसला तर सगळं बसकण मारेल. तसं काही झालं नाही. लोक आले, रोजच्याइतकेच. हे सांगताना त्याचा चेहरा थोडा उतरला होता. मग त्यानं कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळला, शिलाई मशीन टेंपोत चढवलं, आणि गोंदियाला गेला. तिला आणायला नाही, तिथं राहायला. सासऱ्यांनी वरची खोली दिली. ती हो म्हणाली का, असं मी टेंपो सुटताना विचारलं. म्हणाला, "नाही म्हणाली नाही."

गल्ली शांत झाली. आमच्या हिला ब्लाऊजसाठी पुन्हा जुन्या शिंपिणीची मनधरणी करावी लागली. मी आठ-दहा दिवस गेमकडे फिरकलो नाही. उघडला तेव्हा जबलपूरच्या कोणा अनोळखी बाईंचा निरोप पडला होता, भैया, कहाँ थे, पौधे सूख रहे थे. मी त्यांना तब्येत बरी नव्हती असं खोटंच कळवलं. आणि दिवसभर मला उगाच बरं वाटत राहिलं.

दोन-अडीच महिन्यांनी पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गोंदियाला गेलो. दुपारची वेळ. तो घरात नव्हता, कोपऱ्यावर उन्हात उभा होता. मी समोर गेलो, पत्रिका दिली. त्यानं ती घेतली, उलटी धरली आणि रस्त्याकडे पाहत राहिला.

"काम कसं चाललंय?"

"हौ."

"सूनबाई कुठं आहे?"

"अस्तर आणायले गेली, काकाजी. साडेअकराले येते म्हणली होती. बारा वाजून राह्यले." त्यानं टाचा उंचावून पाहिलं. "फोन इथंच विसरून गेली. एकदा जाऊन पाहू का दुकानापर्यंत? पण ती दुसऱ्या रस्त्यानं आली तं?"

"अरे, अर्धा तास तर झाला फक्त."

"हौ," तो म्हणाला. ऐकलं नव्हतं.

मग ती वळणावर दिसली. दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर पदर, ऊन चुकवत झपाझप येत होती. तिनं मान वर केली, आणि कोपऱ्यावर उभा असलेला तो तिला दिसला. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, तिनंही मला पाहिलं नाही. म्हणून मी खात्रीनं सांगू शकतो, ते कोणाला दाखवायला नव्हतं. तिथून पुढे ती हळू चालायला लागली.