‘बे’ कोणाला म्हणावे

बी.एस्सी.च्या वर्गात मी एकटी मुलगी होते. महाराष्ट्र राज्य नवे होते आणि आमचे बुलढाण्याचे कॉलेज त्याहून नवे. मुले माझ्याशी इतक्या आदराने वागत, की मला काही शिकताच येईना. प्रयोगशाळेतला माझा जोडीदार देऊळघाटचा. मी तारेला हात लावला की तो म्हणे, “राहू द्या ताई, मी जोडतो. तुम्ही लिहा.” मी आकडे लिहीत बसे. परीक्षेत मात्र जोडणी ज्याची त्यानेच करायची होती आणि मला पुढे एम.एस्सी. करायचे होते.

ही मुले एकमेकांना ‘बे’ म्हणत. “काऊन बे, झोपून राह्यला का?” त्या एका अक्षरात थट्टा होई, चूकही सुधारली जाई. मी जवळ गेले की ‘बे’ बंद आणि चुका सुधारणेही बंद. दोन्हींचा संबंध उघड होता.

मी शास्त्रीय मार्ग निवडला. वाङ्मय मंडळात ‘बे’वर निबंध वाचला. पाढ्यातला बे म्हणजे दोन. तो संस्कृत ‘द्वि’च्या कुळातला, गुजराती माणूस आजही रोजचे दोन त्यानेच मोजतो. बेकार, बेशरम यांतला बे फारसी, अर्थ ‘विना’. उर्दू वर्णमालेतले दुसरे अक्षरही बे. आमचा वऱ्हाडी बे हा हिंदीतल्या ‘अबे’चा नातलग, तो बरोबरीच्या माणसालाच लावतात, सबब त्यात अपमान शोधू नये, असा माझा निष्कर्ष. प्राध्यापकांनी दाद दिली. जोडीदार बाहेर येऊन म्हणाला, “लय चांगलं बोलल्या तुम्ही, ताई.”

दुसऱ्या दिवशी मी तासाआधीच जाऊन एकटीने जोडणी केली आणि कळ दाबली. तो दारातूनच ओरडला, “अबे, काय करून राह्यली! उलटा जोडला ना अमीटर! काटा मोडशीन!”

मी कळ सोडली. त्याचा चेहरा उतरला. “माफ करा ताई, तोंडातून निघून गेलं.”

“माफी राहू दे. कोणती तार कुठे, ते सांग.”

त्याने सांगितले, मी जोडले. पुन्हा चुकले तेव्हा तो क्षणभर घुटमळला आणि वर न पाहता म्हणाला, “ते नाही बे, बाजूची.” या वेळी त्याने माफी मागितली नाही.

संध्याकाळी ही प्रगती मी घरी आईला सांगितली. ती म्हणाली, “आन त्या पोट्ट्याले एकदा घरी. बे कोनाले म्हनतात, ते सांगाच लागते त्याले.” तिला निबंध वाचून दाखवण्याचा विचार मी सोडून दिला.

परीक्षेत अमीटरचाच प्रयोग आला. तिथे ‘बे’ म्हणायला कोणी नव्हते. तशी गरजही पडली नाही.