गार भिंती

कॅम्पातल्या जुन्या बिअरच्या कारखान्यात आता रेस्टॉरंट झालंय. भर मे महिन्यात, दुपारी, मी बायकोला तिथे हौसेने घेऊन गेलो. कारखाना बंद पडल्यावर कॉलेजातून येताना आम्ही तिथे सावलीला टेकायचो. हातभर जाडीच्या दगडी भिंती आणि पार छताजवळ वीतवीतभर खिडक्या. बांधणाऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आतली बिअर तापता कामा नये.

आणि या शहाण्यांनी काय करावं? उजेड हवा म्हणून त्याच भिंती फोडून जमिनीपर्यंत काचा लावल्या. मग उन्हाला पडदे आले, उकाड्याला एसी आले. एसीची खोकी बाहेर दगडात बोल्ट ठोकून लटकवली आणि त्यांच्याच शेजारी पितळी पाटी लावली, ‘ऐतिहासिक वास्तू’!

"अहो, हळू बोला," बायको म्हणाली.

हळू काय बोला? जुनी इमारत दिसली की आपण तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतो. ती अशी का बांधली, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटत नाही.

तेवढ्यात वेटरने बिअर आणली. ग्लासला हात लावला, तर कोमट.

"सर," तो अदबीने म्हणाला, "बर्फ घालू का?"