सोमवारच्या वाघिणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो — कसं सांगावं, ते अजून नीट ठरलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. धुळ्याच्या एका वर्तमानपत्राचा मी नंदुरबारचा बातमीदार होतो. इथली मिरची रेल्वेनं मुंबई बंदरात आणि तिथून बोटीनं कोलंबोला जायची. पण मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, लष्कराकडे गेल्या होत्या. ताडपत्र्यांनी झाकलेल्या गाड्या स्टेशनातून न थांबता जात. व्यापारी फलाटावर उभे राहून त्या पाहत. दुसरं काय करणार?

वाळलेली मिरची तशीच पोत्यात दाबली तर तिचा चुरा होतो. म्हणून पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या रानात, भरण्याआधी तिच्यावर पाणी मारतात. एकदा पाणी मारलं की माल दोन-चार दिवसांत निघायला हवा. नाहीतर बुरशी धरते. एका शेठच्या पथारीवर हे काम गजराबाईचं होतं. ओंजळीनं पाणी उडवायची, मूठभर मिरची कानाशी दाबून आवाज ऐकायची, मगच भरणाऱ्यांना हात करायची. मला पाहिलं की म्हणायची, "काय रे भाऊ, तुन्हा कागद वाचीसन मिरची वाळस का?" सगळ्या बाया हसत.

स्टेशनातल्या माल-कारकुनानं मला एवढंच सांगितलं होतं, की वाघिणींची मागणी वर पाठवली आहे. मी लिहिलं — 'सोमवारी वाघिणी मिळणार.' का लिहिलं? 'मागणी पाठवली' ही बातमी चौथ्यांदा कोणी छापली नसती. एवढंच कारण होतं.

शेठनं अंक वाचला आणि माल भरायला सांगितलं. गजराबाईनं हंडा खाली ठेवला. मला विचारलं, "भाऊ, डबा येतीन ना खरंच? मंग पानी मारस मी."

तेव्हा खरं सांगता आलं असतं — नाही का? मी म्हणालो, "छापलंय ना."

सोमवारी वाघिणी आल्या नाहीत. पुढच्या सोमवारीही नाहीत. फलाटावर नेऊन ठेवलेली पोती आधी हाताला कोमट लागू लागली, मग वास सुटला. उसवली तेव्हा आत पांढरी बुरशी होती. बोट तोवर निघून गेली होती.

शेठ सगळ्यांदेखत म्हणाला, "हाई बाईनी पानी जास्त मारं."

"मन्हा हात चुकना नही, शेठ. डबाच उनात नही." डबेच आले नाहीत, असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून वहीत लिहीत होतो.

मी काय लिहिलं? 'पाणी मारणाऱ्या मजूर स्त्रीच्या हयगयीमुळे माल खराब.' माझ्या आधीच्या बातमीचा त्यात उल्लेख नव्हता.

पाण्याचं काम तिला पुन्हा कुठल्याच पथारीवर मिळालं नाही. देठ खुडणाऱ्या बायांत ती बसू लागली. माझी थट्टा बंद झाली. एकदा वाटेत तिनं मला थांबवलं. "कागदमा मन्हं नाव लिखं का रे भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. नाव खरंच नव्हतं.

"मंग बरं," ती म्हणाली आणि रानाकडे गेली. तिला वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं.