कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

आई खडकीच्या क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करायची. वडील बिगारी. मी शाळेत असताना ते बांधकामाच्या परांचीवरून पडले आणि पाय कायमचा गेला. ठेकेदार म्हणाला, "हा माणूस आमच्याकडे नव्हताच." पेपरात एक ओळ आली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वकील झाले ती त्या न आलेल्या ओळीसाठी.

पुढे हडपसरला आयटीच्या इमारती उठू लागल्या. तिथली एक परांची कोसळली, मजूर जखमी झाले. एका लहान साप्ताहिकाच्या बातमीदाराने रस्त्यावरून फोटो काढले. पोलिसांनी त्याचा कॅमेरा हिसकावला. तो माझ्याकडे आला. "ताई, फोटो गेले तर ती माणसं तिथं नव्हतीच म्हणतील."

चौकीत इन्स्पेक्टरने विचारलं, "कसला कॅमेरा?"

कोर्टात जायचं ठरलं. त्याआधी लेखी अर्ज द्यायला आम्ही दोघं पुन्हा चौकीत गेलो, तो नेमका दसरा. आमच्या घरी तो धम्मदीक्षेचा दिवस. मी वंदनेला निघालेली, पांढऱ्या साडीत. चौकीत शस्त्रपूजा नुकतीच उरकली होती. टेबलावर बंदुका, लाठ्या, वायरलेस आणि कडेला एक कॅमेरा. त्यालाही हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. पट्ट्याला बातमीदाराच्या बायकोने घातलेले निळे टाके.

मी म्हटलं, "अहो साहेब, नसलेल्या कॅमेऱ्याची पूजा छान केलीत."

म्हाताऱ्या हवालदाराला ते कौतुकच वाटलं. "कपाटात एकटाच पडला होता, मॅडम. म्हटलं, हे पण हत्यारच की."

कोर्टातही शपथेवर तो तेच बोलला. कुणी हसलं नाही. मी एवढंच मांडलं, की बातमी छापायचा हक्क आहे, तर ती गोळा करायचाही आहे. रस्त्यावरून दिसतं त्याचा फोटो घेणं गुन्हा नाही. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. पंचनामा का केला नाही, याचा खुलासा इन्स्पेक्टरकडून मागवला.

कॅमेरा परत आला तेव्हा लेन्सच्या कडेला कुंकू होतं. आतले फोटो शाबूत होते. साप्ताहिकाने ते मजुरांच्या नावांसह छापले. वडिलांनी तो अंक माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

ती माणसं आपलीच होती, हे हडपसरच्या ठेकेदाराला लेखी कबूल करावं लागलं.