पेढीनाम्यातली बहीण

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. बारावीनंतर सुरतेत पोलीस शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन निवृत्त झालो आणि आता साठीनंतर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बाईंनी सांगितलं, नोकरीतली एखादी केस लिहून आणा. चोऱ्या, मारामाऱ्या पुष्कळ आठवतात. पण लिहायला बसलो की पुढे येते ती एकच, जिच्यात मी गुन्हाच नोंदवला नाही.

तेव्हा मी पांडेसऱ्याकडच्या एका ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपत होती. डाईंग मिलमध्ये जन्म घालवलेला एक खानदेशी म्हातारा दाराबाहेर चपला काढून उभा राहिला.

"चपला घाला बाबा, हे देऊळ नाही," हवालदार म्हणाला.

"साहेब, मी खोटी सही केली," म्हातारा मला म्हणाला.

त्याचा एक गाववाला वारला होता. त्याची कोसाडच्या वसाहतीतली खोली मुलाच्या नावावर करायची होती. त्यासाठी तलाठ्याकडून पेढीनामा, म्हणजे वारसांची यादी, काढावी लागते आणि तिच्यावर पंचांच्या सह्या लागतात. म्हातारा त्या पंचांपैकी एक. कागद गुजरातीत होता आणि त्याला जेमतेम मराठी वाचता येत होतं. आपली माणसं इथे असल्या कागदांवर विश्वासानं सही ठोकतात. माझ्या वडिलांनीही ठोकल्या. घरी सुनेनं नक्कल वाचून दाखवली तेव्हा त्याला कळलं. मुलगा एक, वारस. मुलगी एक, लहानपणीच मयत.

"पोरगी चाळिशीची आहे, साहेब. तिच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय."

मी तिच्या भावाला बोलावून घेतलं. तासभर तो एकच सांगत राहिला: लिहिणाऱ्याची चूक झाली असेल. खोटं बोलणारा माणूस कागदाबद्दलची उत्तरं घोकून येतो, घराबद्दलची नाही. म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि अखाजीचं, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेचं, विचारलं.

"या अखाजीला बहीण माहेरी आली होती?"

"आली होती."

"आणायला कोण गेलं होतं?"

"मीच. दरवर्षी मीच जातो मुऱ्हाळी."

"लहानपणी मेलेल्या पोरीला आणायला?"

मग सगळं बाहेर आलं. कागद करून देणारा एजंट म्हणाला होता, बहीण वारस दाखवली तर तिला हजर करावं लागेल, तिची सही लागेल. मयत लिहिलं तर एका फेरीत काम होतं.

तिसऱ्या दिवशी बहीण नंदुरबारकडच्या तिच्या गावाहून आली. नवरा नव्हता, पदरात एक मुलगी. भावाकडे बघून ती आधी म्हणाली, "वाळला ना रे तू." मग मी तिला ती ओळ वाचून दाखवली.

"भाऊ," ती मला म्हणाली, "माले खोली नको. मना नाव पायजे. मी जिवत शे ना."

पेढीनाम्यासाठी भावानं केलेल्या खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा सरळ होता. पण हवालदार कानाशी लागला, "घरनी वात छे, साहेब. पतावी दो ने." मलाही वाटत होतं, घरातलं घरात मिटवून टाकावं. आपल्या समाजाचं घर, कशाला मोडायचं? मी तिला म्हणालो, "ताई, गुन्हा नोंदवला तर हा आत जाईल. मग अखाजीला तुला न्यायला कोण येईल?"

हे वाक्य मी विचार करून वापरलं होतं. आरोपीची दुखरी जागा शोधायची सवय, ती मी फिर्यादीवर वापरली.

तिनं सही केली: समेट झाला, तक्रार नाही. तो कागदही गुजरातीत होता. मी तो तिला वाचून दाखवला नाही. भाऊ म्हणाला, आठवड्याभरात नाव लावून घेतो. लावलं की नाही, मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्याचा अर्ज दप्तरी दाखल करून प्रकरण बंद केलं आणि घरी जेवताना बायकोला सांगितलं, आज एक घर वाचवलं.

या केसनं काय शिकवलं, असं बाईंनी शेवटी लिहायला सांगितलंय. मला नीट मांडता येत नाही. एवढंच कळतं, की माहेर टिकावं म्हणून मी तिच्याकडून जे सोडवून घेतलं, ते माझं नव्हतं. आणि ज्याच्याकडून काही सोडवून घ्यायचं होतं, त्याला मी चहा पाजला.

गेल्या महिन्यात बाजारात तो पंच म्हातारा भेटला. काठी टेकत चालत होता. मी बहिणीची चौकशी केली.

"गेली, साहेब. दिवाळीनंतर."

खोली विकून भाऊ पलसाण्याकडे राहायला गेला होता. त्या वर्षापासून तो मुऱ्हाळी गेलाच नाही. ती अखाजीला पिशवी भरून ओट्यावर बसायची, असं तिच्या मुलीनं म्हाताऱ्याला सांगितलं होतं. मयतीला माहेरचं लुगडं लागतं, म्हणून लोक दुपारपर्यंत थांबले होते. भावानं फोन उचलला नाही.

"मग लुगडं?"

"मी नेलं," म्हातारा म्हणाला. "सही मीच केली होती ना."