इंचभर बाहेरची चाकं

"वकीलसाहेबाच्या गाडीले मुडदूस झाला काय वं?"

शेजारचे काका कुंपणापलीकडे काकूंना विचारत होते. हळूच विचारत होते, पण त्यांचा हळू आवाज फाटकापर्यंत सहज पोचायचा. मी अंगणात फडक्याने गाडी पुसत होते आणि बाबा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. पानांची सळसळ थांबली.

"पाय पाहा ना तिचे," काका म्हणाले. "आत वळले."

ते अगदीच खोटं नव्हतं. गाडी इंग्रजी होती, दोन माणसांची, बिनटपाची, वयाने माझ्यापेक्षा मोठी. नागपूरच्या एका निवृत्त गिरणी अधिकाऱ्याकडून बाबांनी ती घेतली होती. सत्तरच्या दशकातल्या वर्ध्यात ती रस्त्यावर आली की सायकलवाले उतरून उभे राहायचे. पण तिची चाकं मडगार्डच्या बरीच आत होती. मागून पाहिलं की तिने थोरल्या भावाचा कोट घातलाय असं वाटायचं.

बाबा उठले, गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले आणि चाक मडगार्डच्या किती आत आहे ते बोटांनी मोजू लागले. कोर्टात कुणालाही न बधणारा माणूस त्या एका वाक्याने खचला होता.

संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे एक जुनं इंग्रजी मासिक ठेवलं. मी नागपूरला मिशनच्या शाळेत शिकले, होस्टेलवर राहून. त्यामुळे घरात इंग्रजीत छापलेलं काहीही, अगदी औषधाच्या बाटलीवरचं, वाचून दाखवणं माझ्याकडे होतं. मासिकात शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. चाकाच्या मागे जाड लोखंडी चकती बसवली की चाक तेवढं बाहेर येतं, असं खाली लिहिलं होतं. त्या चकतीला ते स्पेसर म्हणत होते. पुढे आणखी दोन परिच्छेद होते.

"पुढचं राहू दे," बाबा म्हणाले, आणि मासिक घेऊन मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रीकाका कापूस बाजाराजवळ लेथवर जिनिंगच्या मशिनींचे भाग घडवायचे. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे मोठा वायसर." त्या दिवसापासून आमच्या घरात स्पेसर हा शब्द कुणी वापरला नाही. बाबांनी अर्ध्या इंचाचे चार सांगितले. शनिवारी मिस्त्रीकाका एक-एक इंचाचे घेऊन आले.

"अर्धा सांगितला होता ना," बाबा म्हणाले.

"अर्ध्यानं काय दिसते साहेब? लोखंड उरलं होतं, वाया काऊन घालवाचं? शेजाऱ्याले दिसला पाहिजे!"

शेजाऱ्याचं नाव निघताच बाबांचा विरोध संपला.

मी खिडकीतून पाहत होते. बाहेर पुरुष असले की माझी जागा खिडकीत असायची. कुणी ठरवून दिली नव्हती, मीच घेतली होती. मिस्त्रीकाकांनी जॅक लावला, चाक काढलं, वायसर घातला, त्यावर चाक चढवलं आणि नट आवळले. एकेक नट दोन-तीन फेऱ्यांतच घट्ट झाला.

"पाहा, वायसरचा फायदा!" ते घाम पुसत म्हणाले. "नट कसे झटकन बसून राह्यले!"

चारही चाकं झाल्यावर गाडी खरोखरच छाती काढून उभी राहिली. शेजारचे काका आले, दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "आता कशी पयलवान दिसते!" बाबा इतके खूश झाले की त्यांनी तिथेच जाहीर केलं, उद्या सकाळी ते आईला गाडीत बसवून पवनारला नेणार.

आई त्या गाडीत तोवर एकदाही बसली नव्हती. "डोक्यावर छत नाही, दार गुडघ्याएवढं," ती म्हणायची. "मी पवनारला पोचेन आणि पदर सेलूला." पण बाबांचा चेहरा पाहून ती हो म्हणाली.

रविवारी सकाळी पूजा. निम्मी गल्ली फाटकाशी जमली होती. मिस्त्रीकाकांनी प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं. नारळ फोडायचा मान बाबांनी मुद्दाम शेजारच्या काकांना दिला. आई पदराला तीन पिना लावून आधीच गाडीत बसली होती. कुंकवाचं ताट माझ्या हातात होतं. एका चाकाला एक टिळा पुरला असता, पण मी नटानटाला लावायचं ठरवलं, कारण चाकाशी वाकून राहिलं की लोकांकडे पाहावं लागत नाही.

पहिल्याच नटात माझं बोट नखभर आत गेलं.

ती गाडी दर रविवारी मीच पुसायचे. प्रत्येक नटातून बोल्टचं टोक बाहेर आलेलं असायचं आणि फडकं नेमकं त्यात अडकायचं. आता तिथे नुसतं भोक होतं. दुसऱ्या नटातही तेच, पुढच्या चाकातही तेच. मध्ये इंचभर लोखंड आलं, चाक इंचभर बाहेर गेलं, बोल्ट मात्र होते तेवढेच राहिले होते. नट झटकन बसले ते यासाठी. शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ते कसेबसे टेकले होते.

मी उभी राहिले. मिस्त्रीकाकांच्या पाठीवर कुणीतरी थाप मारत होतं. बाबा टोपी सारखी करत होते. मी आधी मनात इंग्रजीत वाक्य केलं, मग त्याचं मराठी केलं. ते शाळेच्या वार्षिक अहवालासारखं झालं. दुसरं करायला घेतलं.

"पोरगी काही म्हणून राह्यली काय?" काकांनी विचारलं.

"नाई जी," काकू म्हणाल्या. "बोलतच नाई ते. इंग्रजी शाळेतली हाये ना!"

सगळे हसले. मीही हसले, ती माझी जुनी खोड. नारळ फुटला. बाबांनी इंजिन सुरू केलं, आईने डोळे मिटून हात जोडले, आणि मागच्या चाकाखालचं लिंबू पचकन फुटलं.

मग मी ताटासकट गाडीपुढे जाऊन उभी राहिले. बाबांनी करकचून ब्रेक दाबला.

"बाजूला हो बेटा," ते हसतच म्हणाले. "झाली पूजा."

माझी सगळी तयार केलेली वाक्यं गेली होती. जे निघालं ते एवढ्या मोठ्याने निघालं की फाटकावरची पोरंही गप्प झाली.

"बंद करा आधी गाडी! नट नुसते टेकलेत, पवनारच्या पुलावर चाक निघून जाईल. आई, तू उतर खाली. आणि मिस्त्रीकाका, हसू नका, इकडे या, या नटात बोट घालून पाहा!"