नेच्यावरचा तांबेरा

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ऊस. त्यामुळे पानावर तांबूस ठिपका दिसला की आमचा हात आपोआप चालतो. मी नोकरीत केस पिकवले, तरी हात तोच राहिला.

गेल्या श्रावणात मंगळवार पेठेतल्या आमच्या बाल्कनीत, कुंडीतल्या नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानांमागं मला तसलेच ठिपके दिसले. ओळीनं, शिस्तीत. म्हटलं, तांबेरा, उसावर पडतो तोच रोग. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पान न् पान पुसून काढलं आणि शाबासकीसाठी मुलीला हाक मारली.

ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात मॉस आणि नेचा यांच्या जीवनचक्रांची तुलना सांगायची होती, नमुने दाखवून. त्याला मार्क होते. मॉस न्हाणीमागच्या भिंतीवरचं. ते घासू नये म्हणून तिनं पंधरा दिवस आईला अडवलं होतं. आणि नेचा हा.

"पप्पा, ते बीजाणू होते," ती म्हणाली. "तुम्ही पुढची सगळी पिढी पुसली की."

"भांडी कधी एवढी पुसली नाहीत," बायको आतून म्हणाली.

मी स्कूटर काढली. कसबा बावड्यात थोरल्या भावाची विहीर आहे, तिच्या आतल्या भिंतीला नेचे लोंबतात. मागं बसून मुलगी मोठ्यानं पाठांतर करू लागली. मॉसमध्ये खालचं हिरवं म्हणजे आईबाप. त्यावरचा बारीक दांडा म्हणजे पोर. ते आईच्या डोक्यावरच उभं राहतं, तिचंच खातं आणि टोकाच्या बोंडातून बीजाणू उधळतं. नेच्यात उलटं. आईबाप म्हणजे नखाएवढा, पत्त्यांत असतो तसा हिरवा बदाम. पोर त्यावर जन्मतं, स्वतःची मुळं रोवतं, बदाम वाळून जातो. आपण नेचा म्हणतो ते हे पोर. लग्न मात्र दोन्हीकडं पाण्याशिवाय लागत नाही. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं इंजिन बंद करून ऐकलं. हिरवा लागला तरी तो हलेना.

विहिरीच्या पायऱ्या उतरून मी ठिपकेवालं पान खुडलं, जिंकलेल्या पैलवानासारखं वर धरलं. काठावरून भाऊ ओरडला, "टाक ते. तांबेरा हाय त्यो. माझ्या उसाला लावतोस काय?"

घराणं एकच. मग मी तिथंच, शेवाळलेल्या पायरीवर तोल सावरत, त्याला सगळं समजावलं. डोक्यावरचं पोर, वाळणारा बदाम, एकही पायरी न चुकता. मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती.

भावानं शांतपणे ऐकून घेतलं. दरसाल त्याच्याकडून तांदळाचं पोतं आणि गुळाची ढेप आमच्याकडं येते.

"म्हंजे मी नेचा," तो म्हणाला, "आन् तू मॉस."

दुसऱ्या दिवशी तिला पैकीच्या पैकी मार्क पडले. मॉस समजावताना घरचं उदाहरण दिलं, असं तिनं जेवताना सांगितलं. कुणाचं, ते मी विचारलं नाही. पानात भावाच्याच तांदळाचा भात होता.